एका पोत्याची थप्पी

एस्थरबाईंनी मला 'हो-नाही'चं काम दिलं ते माझा स्वभाव पाहून. "वेणूला नाही म्हणायला वेगळं शिकवावं लागणार नाही," असं त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. वर्ग हसला आणि मी चिडले. चिडणं हा माझा जन्मजात धंदाच होता. घरी आई म्हणायची, "ही पोर मिठागरान जल्मली, म्हनून खारट हाय."

ही १९६४ सालची गोष्ट. पनवेलच्या आमच्या शाळेत तेव्हा एकच पंखा होता आणि तो हेडमास्तरांच्या डोक्यावर फिरायचा. अशा शाळेत एस्थर आपटेकर नावाच्या गणिताच्या बाई आम्हाला गणकयंत्र शिकवायला निघाल्या होत्या. आता शेंबडी पोरंसुद्धा ज्याला कॉम्प्युटर म्हणतात, तेच ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला शिक्षकांसाठी एक वर्ग झाला होता. तिथे बाईंनी खोलीभर पसरलेलं यंत्र पाहिलं, त्याला हुकूम कसे द्यायचे ते शिकून घेतलं आणि पनवेलला आल्या त्या झपाटल्यासारख्या. तसलं यंत्र आमच्या शाळेत येण्याची गोष्टच नको. बाई म्हणाल्या, "यंत्र नाही तर नाही. आपणच यंत्र होऊ."

शाळेच्या मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही यंत्र व्हायचो. रविवारी, कारण बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या. शनिवार हा त्यांचा शब्बाथचा, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी त्या खडूला हात लावत नसत. आमच्या भागात याचं कुणाला नवल नव्हतं. पूर्वी त्यांच्या लोकांचे तेलाचे घाणे असत आणि ते शनिवारी बंद राहत, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली'च म्हणत. शाळेनं बाईंना शनिवारची सुट्टी दिली होती आणि त्या बदल्यात बाई रविवार आम्हाला देत होत्या.

आमचं यंत्र चौघांचं. बेला मोजायची. ती बाईंच्याच समाजातली, शांत, मोत्यासारख्या अक्षराची. हातातल्या पाटीवर ती आकडा लिहायची आणि मोठ्यानं सांगायची. तिच्याकडे पाठ करून रामू बसायचा. त्याचं काम बेरजेचं. कानावर पडलेला आकडा आपल्या पाटीवरच्या आकड्यात मिळवायचा, बाकी कशाकडे बघायचं नाही. मी बेलाची पाटी आणि फळ्यावर लिहिलेला शेवटचा आकडा ताडून पाहायची. जुळले नाहीत तर "नाही", जुळले तर "हो". आणि भामाच्या हातात लग्नपत्रिका असायच्या. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी एकेक हुकूम लिहून दिला होता, तो भामानं क्रमानं वाचायचा. मी "नाही" म्हटलं की तिनं दुसऱ्या पत्रिकेवर परत जायचं आणि पुन्हा तिथून वाचायचं. "हो" म्हटलं की शेवटची पत्रिका: रामू, पाटी दाखव.

फळ्यावर पाच लिहिलं की एक, दोन, तीन, चार, पाच अशी बेरीज करत यंत्र पंधरावर थांबायचं. दहा लिहिलं की पंचावन्नावर. पत्रिका मात्र त्याच, पाच. हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. शंभर लिहा, हजार लिहा, त्या पाच पत्रिका कुठल्याही आकड्याला भीत नव्हत्या. तोवर शाळा म्हणजे पाठांतर असं माझं मत होतं, आणि पाठांतरात मी काठावर पास होणारी. मला डोकं आहे हे मला त्या खोलीत कळलं. त्या खोलीसाठी मी कुणाशीही भांडले असते.

एक नियम बाई आमच्याकडून दर रविवारी घोकून घ्यायच्या.

"यंत्राला काय नसतं?"

"अक्कल!" आम्ही ओरडायचो.

"मग चूक झाली तर दोष कुणाचा?"

"हुकमाचा!"

"आणि चूक सापडत नसेल तर?"

"काम लहान करा!"

पहिल्या दोन उत्तरांना आमचा आवाज गगनाला भिडायचा. तिसरं आम्ही नुसतं म्हणून टाकायचो.

अशा सुखाला दृष्ट लागायचीच. दिवाळी झाली, भात झोडून झालं, गिरण्या सुरू झाल्या आणि दाजीशेठना जागा कमी पडू लागली. दाजीशेठ म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आणि तांदळाचे मोठे व्यापारी. त्यांचं गोदाम शाळेला लागून, आणि आमची खोली गोदामाला लागून. शाळेची अर्धी इमारत त्यांनीच बांधून दिलेली. त्यामुळे खोली त्यांनी मागितली असं म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त सांगितलं की आता तिथे पोती पडतील.

हेडमास्तर तसे भिडस्त, पण त्या दिवशी त्यांनी धीर केला. "शेठ, पोरं तिथे काय करतात ते एकदा बघून तरी घ्या."

"बघतो की," दाजीशेठ म्हणाले. "शनिवारी सकाळी येतो. पोरांनी काही अक्कल दाखवली तर खोली तुमची. नाहीतर हमाल सोबत आणतोच आहे."

मुद्दाम शनिवार धरला असं मी म्हणणार नाही. शेठना बाकीचे सहा दिवस दुकान होतं, एवढंच. पण मी ही बातमी ऐकली आणि तावातावानं बाईंकडे गेले.

"बाई, दुसरा वार मागा! तुम्ही नाही म्हणजे कसं चालेल?"

बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली आणि चक्क हसल्या. "माझ्यावाचून अडलं तर ते यंत्र कसलं गं? ती तर माझी कवायत झाली. एकदा हुकूम लिहून दिले की लिहिणाऱ्याचं काम संपतं, वेणू. मी येईन. पण खडू धरणार नाही आणि एक शब्द बोलणार नाही."

"आणि बेला? तीपण शनिवारी लिहीत नाही."

"मग बेलाच्या जागी दुसरं कुणीतरी बसव. भाग बदलला तरी यंत्र चाललं पाहिजे."

मी तुळशीरामला बसवलं. तो आमच्याच गावचा, त्याच्या घरचंही मिठागर. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण आवाज असा की या काठावरून हाक मारली तर खाडीपलीकडची माणसं वळून बघतील. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. "एक! दोन! तीन!" असं त्यानं खणखणीत म्हटलं आणि यंत्र बरोबर पंधरावर थांबलं. मी निश्चिंत झाले. निश्चिंत होणं माझ्या स्वभावात नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी दाजीशेठ आले ते खरंच हमाल घेऊन. तांदळाची पोती ओसरीवर रांगेनं टेकवली गेली. पाठोपाठ सिनेगॉगमधली सकाळची प्रार्थना आटोपून बाई आणि बेला चालत आल्या. बाईंनी पांढरं पातळ नेसलं होतं. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या आणि बाईंनी हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच.

"हं, सुरू करा तुमचं मशीन," दाजीशेठ खुर्चीत टेकत म्हणाले. "आणि ते घोकलेले आकडे मला नकोत. माझा हिशेब करा. पोत्यांची थप्पी आहे. सगळ्यात वर एक पोतं, त्याखालच्या थराला दोन, त्याखाली तीन, असे बारा थर. एकूण पोती किती? हं, तुळशीराम ना तू? मोज माझी पोती!"

मी फळ्यावर बारा लिहिलं. भामानं पहिली पत्रिका वाचली. "रामू, पाटीवर शून्य लिही." मग दुसरी. "तुळशीराम, पुढचं मोज."

तुळशीरामचा आवाज घुमला. मी पाटी पाहिली, फळा पाहिला. "नाही!" भामा परत दुसऱ्या पत्रिकेवर. "दोन!" "नाही!" "तीन!" "नाही!" काय सुरेख चाललं होतं! हमालसुद्धा दारात येऊन उभे राहिले. तुळशीराम गरजत होता, रामू पाठमोरा बसून खाली मान घालून मिळवत होता आणि माझं "नाही" दर खेपेला अधिकच तोऱ्यात जात होतं. बारा आले. मी "हो!" म्हणून अशी ओरडले की हेडमास्तर दचकले. रामूनं पाटी फिरवली.

सत्त्याहत्तर.

दाजीशेठ खो खो हसत सुटले. "अरे, ही थप्पी माझ्या गोदामात उभी आहे! अठ्ठ्याहत्तर पोती आहेत. एक पोतं कुणी खाल्लं रे?"

हेडमास्तरांनी कागदावर भराभर आकडेमोड केली आणि मान खाली घातली. अठ्ठ्याहत्तरच बरोबर होतं. शेठ उठले. "चला, उचला पोती," असं त्यांनी हमालांना सांगितलं आणि दोघांनी ओसरीवरचं पहिलं पोतं पाठीवर घेतलंसुद्धा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. आधी वाटलं, रामूच्या पाठीत एक धपाटा घालावा. मग वाटलं, तुळशीरामच्या घालावा. बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, हात मांडीवर, ओठ मिटलेले. बाजूला बेलानं त्यांच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्या क्षणी मला बाईंचाही राग आला. सगळं हातचं जात होतं आणि या बसल्या होत्या देवीसारख्या!

पण राग आला की माझं डोकं एका बाबतीत चांगलं चालतं: कुणावर तरी दोष ठेवायला जागा शोधतं. आणि शोधता शोधता मला आमचंच ओरडणं आठवलं. दोष कुणाचा? हुकमाचा. सापडत नसेल तर? काम लहान करा. जे वाक्य आम्ही नुसतं म्हणून टाकत होतो, तेच.

मी दारात आडवी उभी राहिले. पोतं घेतलेला हमाल थबकला.

"शेठ, अजून एकच हिशेब द्या. एका थराची थप्पी."

"म्हणजे एका पोत्याची?" दाजीशेठना पुन्हा हसू आलं. "ते तर माझी नातही सांगेल. बोलता येत नाही अजून तिला, पण बोट दाखवून सांगेल."

"मग आम्हाला करू द्या. किती वेळ लागणार आहे त्याला?"

शेठना करमणूक हवीच होती. ते परत बसले. मी फळ्यावरचे बारा पुसून एक लिहिलं आणि तुळशीरामच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. या खेपेला मी पाटी बघणार होते तशी ऐकणारही होते.

"रामू, पाटीवर शून्य लिही," भामा म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुळशीराम, पुढचं मोज."

"लाभ!" तुळशीराम गरजला.

रामू हलला नाही. पाटीवर एक होता, फळ्यावर एक होता. "हो," मी म्हटलं. रामूनं पाटी फिरवली. तिच्यावर शून्य होतं.

दाजीशेठ हसता हसता खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "एका पोत्याची थप्पी, आणि पोती शून्य!" पण मी त्यांच्याहून मोठ्यानं हसले. मी हसले, टाळ्या वाजवल्या आणि जागच्या जागी उडी मारली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तुळश्या, तू लाभ म्हनलास!"

"मंग काय म्हनू?" तो गोंधळला. "शेठ बोलले पोती मोज. पयल्या पोत्याला एक कोन म्हनतं? मिठाची टोपली मोजताना आपन लाभच म्हनतो. एक म्हनलं तं बरकत जाते."

खरं होतं. आमच्या मिठागरात पहिल्या टोपलीला कुणीही एक म्हणत नसे. लाभ, दोन, तीन. मीही जन्मभर तेच ऐकत आले होते, म्हणून बाराच्या वेळी ते माझ्या कानाला खटकलंच नाही. शुक्रवारी नुसते आकडे होते तेव्हा तो एक म्हणाला. आज पोती आली आणि त्याच्या तोंडून लाभ आलं.

"मग पोरगा चुकला कुठे?" आता दाजीशेठच त्याच्या बाजूनं बोलू लागले. "माझ्या दुकानातही पहिलं माप लाभच असतं. ए रामू, तू का नाही मिळवलास? लाभ म्हणजे एक, एवढी अक्कल नाही तुला?"

रामू उठून उभा राहिला. "अक्कल हाय शेठ. पन यंत्राला नसते. पत्रिकेवर लिवलंय, आकडा ऐकला तर मिळव. लाभ हा आकडा नाय."

"म्हणजे हाही बरोबर आणि तोही बरोबर? मग पोतं गेलं कुठे?"

"हुकमात गेलं," मी म्हटलं.

भामाच्या हातातून दुसरी पत्रिका मी ओढूनच घेतली. तिच्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: पुढचं मोज. कसं मोज, कुठून मोज, काय म्हण, काही नाही. बेला मोजत होती तोवर ते चालून गेलं, कारण बेला शाळेसारखं मोजायची. हुकूम अर्धा होता आणि उरलेला अर्धा बेलाच्या डोक्यात होता. आज बेलाचं डोकं यंत्रात नव्हतं.

बाईंच्या अक्षरावर लिहायचं म्हणजे मला जड गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग मी हेडमास्तरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि त्याच ओळीखाली लिहिलं: पहिल्याला एक म्हण. दर वेळी आकडाच सांग.

"तुळश्या, बरकत गेली तं माज्यावर," मी म्हटलं. "पन एकच म्हन."

"आता बारा नको," दाजीशेठ म्हणाले. ते खुर्ची पुढे ओढून बसले होते. "त्याचं उत्तर तुम्हाला कळलंय. सतरा थर घ्या."

मी फळ्यावर सतरा लिहिलं. भामानं वाचलं आणि तुळशीरामनं डोळे मिटले. "एक!" म्हणताना त्याला खरंच यातना झाल्या असाव्यात. पण म्हणाला. रामूची पेन्सिल हलली. "नाही!" "दोन!" "नाही!" आता कुणी हसत नव्हतं. पाठीवरचं पोतं खाली टेकवून हमाल त्यावर बसला होता. दहाच्या पुढे गेल्यावर दारातली शाळेची पोरंही माझ्याबरोबर "नाही!" ओरडायला लागली. सोळाला ओरडली तेव्हा कौलं हादरली. सतरा आले. मी श्वास घेतला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो!"

रामूनं पाटी फिरवली. एकशे त्रेपन्न.

हेडमास्तरांचा कागद आधीच तयार होता. त्यांनी तो दाजीशेठपुढे धरला, त्यावरही एकशे त्रेपन्न होते. मग जो गलका झाला तो काय सांगू! तुळशीरामनं पाटी आढ्याकडे उडवली आणि भामा माझ्या गळ्यात पडली. बाकावर बेला रडत होती आणि हसत होती. मी दाजीशेठकडे पाहत कमरेवर हात ठेवून उभी होते. मिरवायची माझी हौस मी लपवली नाही.

शेठ उठले, पण दाराकडे गेले नाहीत. ते तुळशीरामपाशी गेले आणि त्यांनी खाली पडलेली पाटी उचलली.

"सरक रे. मी मोजतो. नऊ लिही गं पोरी."

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आमच्या यंत्राचा भाग झाले. भामानं पत्रिका वाचली, "दाजीशेठ, पुढचं मोज," आणि पुढे मी लिहिलेलंही वाचलं. हुकमात अहोजाहो नव्हतंच.

"ला..." शेठ म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. सगळी शाळा श्वास रोखून उभी होती.

"एक!" दाजीशेठ गरजले.

पंचेचाळीस आले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. घाम पुसत शेठ बाईंच्या बाकापाशी गेले. पोती गोदामाच्या ओसरीवर ताडपत्री घालून राहतील, असं त्यांनी जाता जाता हमालांना सांगून टाकलं, जणू ते आधीच ठरलं होतं.

"बाई, पण एक सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही तर काहीच केलं नाहीत. बसून होतात नुसत्या."

बाईंनी तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हो शेठ," त्या म्हणाल्या. "तेच तर शिकवलं होतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली पोरं, गल्लीतली पोरं, आणि दाजीशेठच्या दुकानात मापं घालणारा एक माणूस, शेठनीच पाठवलेला. बाईंनी आधी माझी दुरुस्त केलेली पत्रिका हातात घेतली, वाचली आणि तशीच गठ्ठ्यात परत ठेवली. माझं वाकडं अक्षर त्यांच्या अक्षराखाली तसंच राहिलं. मला त्या दिवशी राग येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि ते मला मोठं विचित्र वाटत होतं.

मग बाई दारापाशी उभ्या राहून डोकी मोजू लागल्या. पहिलंच डोकं माझं. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लाभ."

"बाई, आकडा!" मागून रामू ओरडला.

"गप रे," मी म्हटलं. "आज यंत्र बंद आहे."

आणि बाई हसत पुढच्या डोक्याकडे गेल्या. "दोन."